दस्तगीर मामांचं टपाल

आमच्या माळवाडीत माझ्याइतका हसवणारा माणूस झाला न्हाय आणि व्हणार बी न्हाय. हसवता हसवताच मी एक माणूस मारला आणि साडेतीन वर्सं कोल्हापूरच्या जेलात बसून आलो.

हे आधीच सांगितलेलं बरं. न्हायतर तुमी माझ्यावर हसाल आणि पुढं कळल्यावर तुमचं तुमालाच वंगाळ वाटंल. माझ्यासंगं हसलेल्या लोकांचं तसंच झालंय. पण आज मला माझं सांगायचं न्हाय, दस्तगीर मामांचं सांगायचंय. मामा जाऊन वर्ष झालं. मला लिवाय त्यांनीच शिकवलं. तवा ह्यात कुठं चुकलं तर शिव्या मला घाला, त्यांस्नी नको.

मामा पोस्टमन. म्हणजे रिटायर झालेले, पण त्यांच्या पायांना ते कुणी सांगितलं न्हवतं. पायजम्याच्या उजव्या पायाला सायकलची क्लिप लावून यायचे, आणि यायचे सिटी बसनं. खांद्याला खाकी पिशवी, हातात पाण्याची बाटली. माणसाला नावानं हाक मारायची न्हाय, गावानं मारायची. "काय रं गडहिंग्लज, जेवलास?" "उठ रं माळवाडी, सरक तिकडं." आमाला वाटायचं म्हातारं विसरतंय. एकदा मी म्हणलं, मामा, माझं नाव बाळू, तर म्हणाले, "नावं सारखी असत्यात रं. आख्ख्या तालुक्यात बाळू किती असतील? पत्ता एकच असतोय."

दर बेस्तरवारी ते जेलात यायचे. काम काय, तर ज्याच्या हातनं गुन्हा झाला, त्यानं ज्यांचं वाटोळं केलं त्या घराला पत्र लिवायचं. मनात आलं तर. बळजबरी न्हाय. पत्र हापिसात तपासून झालं की मामा ते सोता घेऊन त्या घरी जायचे. घेतलं तर घेतलं, न्हाय तर माघारी.

पहिल्या दिवशी तीसभर जण बसलो हुतो. मामांनी पिशवी खाली ठेवली आणि म्हणाले, "एक आधीच सांगतो. ह्या पत्रानं तुमची शिक्षा एक दिवस बी कमी व्हणार न्हाय. त्यासाठी आलेल्यांनी उठावं."

निम्मी उठली. मी बसून राहिलो. तुमाला वाटंल बाळूला पश्चात्ताप झालता. तसलं काय न्हाय. त्या खोलीत पंखा हुता.

मामांचे नियम लई. "माफ करा" लिवायचं न्हाय. म्हणायचे, "माफी म्हंजे मागणं झालं. त्यांच्याकडनं एकदा घेतलंयसा की, आणि किती घेणार?" देवाचं नाव घालायचं न्हाय. मी इचारलं, "का वो मामा? देवाचं काय वाकडं हाय?" तर म्हणाले, "देव हुता काय तिथं? तू हुतास." तिसरा नियम, पत्र सोताच्या हातानं लिवायचं.

मी हात वर केला. "मग आमी सुटलो मामा. आमाला आंगठ्याशिवाय काय येत न्हाय. आंगठा लावून देऊ काय, दोन्ही हातांचा?"

सगळी हसली. मामा हसले न्हाईत. मामांस्नी मी कदी हसवू शकलो न्हाय. साडेतीन वर्सांत एकदा बी न्हाय. माझ्या धंद्यातला हा सगळ्यात मोठा तोटा.

गडहिंग्लजकडचा एक जण हुता. बांधावरनं भांडण झालतं आणि भावाच्या डोस्क्यात खोऱ्याचा दांडा घातलाता. भाऊ गेला. त्यानं चार महिने बसून वहिनीला पत्र लिवलं. एका बेस्तरवारी मामा आले ते थेट त्याच्याम्होरं गेले. पत्र त्याच्या हातावर ठेवलं, बंदच, आणि म्हणाले, "माघारी आलं." बास, तेवढंच. ती काय बोलली, दार लावलं का शिव्या घातल्या, एक शब्द न्हाय. त्यो गडी पत्र छातीला धरून असा वरडाय लागला की बाहेरचा शिपाई आत आला.

आणि मी काय केलं? मी म्हणलो, "तिकीट कमी लागलं असंल रं."

कुणी हसलं न्हाय. ज्यांनी आयुष्यात कशाची लाज धरली न्हवती, ती माणसं बी माझ्याकडं बघंनात. मामा माझ्याजवळ आले. वाटलं, आता कानाखाली बसतीय. त्यांनी माझ्याम्होरं पाटी ठेवली, माझ्या बोटांत पेन्शील खोचली आणि माझा हात धरून एक उभी रेघ वडली. "ही पहिली. बाकीचं पुढच्या बेस्तरवारी."

पाटीवरची ती रेघ मी आठवडाभर पुसली न्हाय.

पण शिकायचा लई कंटाळा. आमच्या बराकीत एक शिकलेला गडी हुता, त्याला सगळी सायेब म्हणायची. त्याला दोन बिड्या दिल्या आणि पत्र लिवून घेतलं. काय एक एक शब्द! मग तेच वेडंवाकडं गिरवून मामांस्नी दिलं. मामांनी चष्मा लावला, मोठ्यानं वाचलं, "पश्चात्तापाच्या अग्नीत मी अहोरात्र होरपळत आहे." चष्मा काढला. "ह्यो कोण होरपळतोय?"

"मीच की."

"अहोरात्र म्हंजे काय रं?"

मी म्हणलं, "त्ये सायबाला इचारून सांगतो."

मामांनी कागद घडी करून माझ्या खिशात घातला. "ज्याचं हाय त्याला दे. पत्ता चुकलाय."

मामा कुणाच्या दारात पाणी प्यायचे न्हाईत, म्हणून ती बाटली. आपल्याकडं दारात आलेल्याला पहिला तांब्या पुढं येतोय, आणि न्हाय म्हणणं म्हंजे अपमान. मी म्हणलं, "मामा, उन्हातान्हाचं जाताय, पाण्यानं काय बाट लागतोय काय?" तवा त्यांनी एक सांगितलं. पोस्टात असताना एका बाईला तार आलती, बाप सीरियस हाय म्हणून. मामा घेऊन गेले तर त्या बाईच्या पोराचं बारसं चाललंतं. पाळणा सजवलेला, बायका गाणी म्हणतायत. मामांच्या जिवावर आलं. म्हणाले, सांजंला देऊ, तवर तिला हसू दे. सांजंला दिली. तवर शेवटची एस्टी गेलती. बापाचं तोंड तिला बघाय मिळालं न्हाय.

"शिव्या दिल्या असतील," मी म्हणलं.

"दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं रडत रडत मला पाणी दिलं. म्हणाली, मामा, दमला असाल." मामा बाटलीकडं बघत हुते. "त्यानंतर टपाल दाबलं न्हाय. एक मिनिट बी न्हाय. आणि दारात पाणी पिलो न्हाय. पाणी पिलं की मी त्यांचा व्हतो. मग टपालाचा ऱ्हात न्हाय."

आता माझं थोडं सांगाय लागंल. मी टेम्पो चालवायचो. आमच्याच गावातली माणसं घेऊन जोतिबासनं माघारी येत हुतो, सगळी गुलालात लाल. खालच्या एका गावाजवळ एक गडी सायकलला दुधाचे कॅन लावून डेअरीला चालला हुता. त्याला मी उडवला. बत्तीस वर्सांचा, आईला एकुलता एक. गावाचं आणि घराचं नाव सांगत न्हाय, मामांचा तसा नियम हाय. त्याच्या आईला मी आक्का म्हणतो. कोर्टात माझ्या वकिलानं सांगितलं, सायकल एकदम मधी आली. टेम्पोतली सगळी माझ्याच गावची, सगळ्यांनी तेच सांगितलं. पण रक्तात दारू सापडली, म्हणून आत गेलो.

मामा पहिल्यांदा रिकाम्या हातानं जायचे, पत्र आलं तर घ्याल काय एवढंच इचाराय. आक्काकडनं आले आणि मला म्हणाले, "घेतो म्हणालीय. पण एक म्हणालीय. रडगाणं नको, काय झालं तेवढं लिवा. कोर्टात समदी बोलली, पण काय झालं ते कुणीच सांगितलं न्हाय."

मला आठ ओळी लिवाय सात महिने लागले. हसू नका. बैलाला नांगर शिकवायला बी एवढे लागत न्हाईत. लिवून मामांच्या हातात दिलं. मामांची एक खोड, पत्र आधी तळहातावर ठेवायचे, वजन बघितल्यागत. म्हणाले, "हलकं हाय."

"मामा, कागद त्योच की."

"काय ऱ्हायलंय ह्यात?"

"काय न्हाय."

"लाखांनी पत्रं ह्या हातातनं गेली असतील, माळवाडी. जड करून आण."

तीन बेस्तरवार मी गेलोच न्हाय. पोटात दुखतंय म्हणलं. चौथ्याला गेलो आणि ती ओळ लिवली. पुरं पत्र असं झालं:

"आक्का, टेम्पो मी चालवत होतो. मी दारू पिलो होतो. मी मागं तोंड करून जोक सांगत होतो. तुमचा ल्योक त्याच्या बाजूनं चालला होता. त्याची काय चूक न्हवती. काचेवर दूध उडालं तवा मी म्हणलो, अभिषेक झाला रं. सगळी हसली. मी बी हसलो. मग उतरून बघितलं."

मामांनी वाचलं. परत वाचलं. तळहातावर ठेवलं न्हाय. पिशवीत घातलं आणि क्लिप नीट केली, नीटच हुती ती, आणि गेले.

पुढच्या बेस्तरवारी आले, पण पिशवी खांद्यावरनं उतरवंनात. मी म्हणलं, "माघारी आलं?"

"न्हाय. घेतलं."

"मग?"

"तिला वाचाय येत न्हाय. म्हणाली, मामा, तुमीच वाचा. मी उंबऱ्याभायेर उभा. ती खाली बसलेली, हातात ल्योकाचं डेअरीचं पुस्तक. त्याची काय चूक न्हवती, हे वाचलं तवा तिनं मान हलवली. म्हणाली, परत एकदा वाचा. परत वाचलं. म्हणाली, मी म्हणतच हुते की, माझं पोरगं कडंकडंनं जायाचं." मामांनी पिशवीचा पट्टा चाचपला. "तिचं तोंड तवा असं झालतं, माळवाडी... बारशातल्या बाईगत. आणि म्होरं तुझी ती ओळ हुती."

"मग?"

"गाळली."

आता माझी लायकी बघा. मला आनंद झाला. सात महिन्यांची छातीवरची धोंड कुणीतरी उचलल्यागत झालं. मी म्हणलं, "लई बरं केलासा मामा."

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की मला पंख्याखाली घाम फुटला. "बरं केलं म्हणू नगंस. तू लिवलंस. मी गाळलं. दोघांत चोर कोण झाला?"

"कागद तर तिच्याकडंच हाय की."

"कागद हाय. तिला वाटतंय सगळं वाचलं. म्हंजे मी खोटं सांगून आलो." मग पहिल्यांदाच मला मामा म्हातारे दिसले. "दुसऱ्यांदा केलं मी. माझ्या ह्या वयात. पुढच्या आठवड्यात जातो आणि वाचून येतो."

पुढच्या बेस्तरवारी मामा आले न्हाईत. त्याच्या पुढच्याला बी न्हाईत. मग शिपायानं सांगितलं, म्हाताऱ्याला लकवा मारलाय. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं.

आत बसून माणूस काय करणार? मी बराकीत जोक सांगायचा बंद झालो, तर लोकांस्नी वाटलं मी आजारी हाय. डॉक्टरानं गोळ्या दिल्या. दुसऱ्या कुणाला, ते आक्काला जाऊन सांग, असं म्हणावं, तर ती गोष्ट दुसऱ्याच्या तोंडची न्हवती. आणि खरं सांगायचं तर निम्मं मन म्हणायचं, बाळ्या, गप बस. मामांनी झाकलंय, झाकलेलं ऱ्हाऊ दे. हे निम्मं मन माझं चांगलं धडधाकट हाय, त्याला कदी लकवा मारत न्हाय.

सुटलो तसा पहिला मामांच्या घरी गेलो. एक खोली, कॉटवर मामा. मामी त्यांस्नी चमच्यानं पेज भरवत हुत्या. मामी म्हंजे मामांच्या दुप्पट आवाज आणि निम्मी उंची. मला बघून म्हणाल्या, "तू कोण? कुठला?"

"माळवाडी."

मामांची डावी बाजू हलली. डोळं माझ्यावर आलं आणि डावा हात सुरू झाला, वर, खाली, वर, खाली. मामी म्हणाल्या, "हे दोन महिने असंच चाललंय. पाणी देते, नको. उशी बदलते, नको. पोस्टात शिक्का मारायचे ना, तसलं कायतरी डोस्क्यात अडकलंय."

मला बघितल्याबरोबर कळलं. त्यो शिक्का न्हवता. ते बोट एका ओळीवर ठेवल्यागत खाली येत हुतं. मी कॉटजवळ बसलो. सवयीनं एक जोक सांगितला. माझा लई चाललेला जोक. मामांनी डोळं मिटलं. हात चालूच.

मग मी मामीला सगळं सांगितलं. अभिषेकाचं बी. त्यांनी चमचा वाटीत ठेवला. मी म्हणलं, "मी जातो आक्काकडं आणि सांगतो."

"तू?" मामी म्हणाल्या. "तुझं तोंड घेऊन? ह्यांचा नियम म्हायती न्हाय तुला? ज्यानं केलं त्यानं दारात जायचं न्हाय, घरानं बोलवल्याशिवाय." डोईवरचा पदर नीट केला आणि ती खाकी पिशवी खुंटीवरनं काढली. "मी जाते. तू गाडी कुठनं जाती तेवढं दाखव."

शेजारणीला मामांजवळ बसवलं आणि एस्टीनं गेलो. गावाच्या अलीकडं एक फाटा हाय. मामी म्हणाल्या, "उतर हितंच. हलू नगंस." मी फाट्यावरच्या दगडावर बसलो. डेअरीची गाडी गेली. दोन सायकली दुधाच्या कॅनांच्या गेल्या, त्यांतल्या एकानं मला इचारलं, "पावणं, कुणाकडं?" मी म्हणलं, "कुणाकडं न्हाय."

तासाभरानं मामी आल्या. म्हणाल्या, "चहा घेतला तिनं केलेला. घरच्या म्हशीच्या दुधाचा."

"मामी! मामा तर पाणी बी..."

"मी काय पोस्टात न्हवते."

एस्टीत बसल्यावर सांगितलं. मामी बोलाय लागल्या तसं आक्कानंच मधी तोंड घातलं. "ते अभिषेकाचं न्हवं? त्याच दिवशी वाचून घेतलं की मी, शेजारच्या पोरीकडनं. म्हातारं वाचताना एका जागी थांबलं, घसा खाकरला. तवाच कळलं, कायतरी गिळलंय ह्यानं. माझ्यासाठी गिळलं. मी बोलले असते तर त्यांस्नी वाईट वाटलं असतं, म्हणून गप बसले. परत येतील तवा पाणी तरी पाजावं म्हणून वाट बघत हुते."

म्हंजे दोन महिने म्हातारी हिकडं गप, म्हातारा तिकडं गप, आणि दोघं एकमेकांच्याच जिवाला जपत बसलेली. आणि मी? मी गप बसलो ते माझ्या जिवासाठी.

घरी आलो. मामी तशाच कॉटजवळ गेल्या, पिशवी बी खांद्यावरच. वाकून मामांच्या कानात वरडल्या, "अजी, सुनो! पढ ली उसने. पूरा पढ ली. उसी दिन पढ ली!"

मामांनी डोळं उघडलं. आमी दोघं त्यांच्या हाताकडं बघत उभी. हात थांबला. मला वाटलं, झालं, पोचलं. आणि मग परत वर, खाली, वर, खाली. मामी परत वरडल्या. मी वरडलो. "मामा, तिला म्हायतीय! सगळं म्हायतीय!" डोळं आमच्याकडंच हुतं, पण त्या डोळ्यांच्या आत काय पोचलं आणि काय दारातनंच माघारी आलं, कुणास ठावं. पायजम्याच्या उजव्या पायाला अजून क्लिप हुती. काढली की अस्वस्थ व्हत्यात, म्हणून मामींनी लावून ठेवलीती. मी मामांस्नी बघितलं ते तेवढंच. पुढच्या आठवड्यात ते गेले.

त्या दिवशी निघताना मी उंबऱ्यात चपला घालायचं नाटक करत लई वेळ उभा राहिलो. शेवटी ऱ्हावंना. मी म्हणलं, "मामी, आक्का माझं काय म्हणाल्या?"

मामी मामांच्या हनुवटीवरची पेज पुसत हुत्या. मागं वळून बी बघितलं न्हाय.

"तुझं नाव बी निघालं न्हाय तिथं. ती ह्यांचीच चौकशी करत हुती."